एकच प्रश्न तीनदा: भविष्याबद्दल इंग्रजीत बोलायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात वाकडला राहणाऱ्या आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या एका ताईंचं इंग्रजी कामापुरतं व्यवस्थित चालतं. स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), ईमेल, क्लायंटचे कॉल, कुठे अडत नाही. पण “दहा वर्षांनी तुमचं क्षेत्र कुठे असेल?” किंवा “शहरांचं पुढे काय होणार?” असा मोकळा प्रश्न आला की दोन वाक्यांत सगळं आटोपतं. म्हणून त्यांनी भविष्यावरच्या चर्चाप्रश्नांची लांबलचक यादी मिळवली आणि मैत्रिणीबरोबर रोज पाच-सहा प्रश्न घेऊन बोलायला सुरुवात केली. महिना झाला तरी गाडी “आय थिंक इट विल बी गुड”च्या पुढे सरकत नाही. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाही द्यायची आहे. अशा प्रश्नांनी बोलणं खरंच सुधारतं का, आणि सुधारत असेल तर सराव कसा करायचा?

सुधारतं. मात्र रोज सहा प्रश्न उरकून सुधारत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं नोकरदारांचे स्पीकिंगचे वर्ग घेते. “मला येतं, पण अजून वर जात नाही” असं म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं की प्रश्न फार आणि एकेका प्रश्नाला दिलेला वेळ अगदीच थोडा. नवा प्रश्न समोर आला की डोकं मुद्दे शोधण्यात गुंततं. भाषेकडे बघायला फुरसतच उरत नाही, आणि मग तोंडात बसलेली जुनी वाक्यं आपोआप बाहेर पडतात. सहा प्रश्न घेतले तर तेच “आय थिंक” सहा वेळा घोटून पक्कं होतं. त्यामुळे यादी ठेवून द्या. आठवड्याला दोन प्रश्न घ्या आणि प्रत्येकावर तीनदा बोला. कसं ते पुढे सांगते.

आधी हे सांगायला हवं की भविष्याचा विषय सरावाला इतका चांगला का. झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना क्रम आयता मिळतो. आधी हे झालं, मग ते झालं, एवढं सांगितलं तरी भागतं. पुढचं मात्र कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. त्यामुळे काय होईल याच्या बरोबरीने, आपण ते किती खात्रीने म्हणतोय हेही दर वाक्यात सांगावं लागतं. परीक्षक असो की क्लायंट, कान तिकडेच असतो. “विल” एकटंच वापरलं की सगळं एका पातळीवर येतं. उद्या सोमवार आहे यालाही “विल”, आणि २०४० मध्ये कोथरूडहून विमाननगरला उडत्या टॅक्सीने जाणार यालाही “विल”. ऐकणाऱ्याला वाटतं, या बाईंना दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात.

मराठीत हे आपण दिवसभर करत असतो. स्वयंपाकाच्या मावशी आज येणार का, असं घरात कोणी विचारलं तर काय काय उत्तरं येतात बघा. “येतील.” “येतीलच.” “बहुतेक येतील.” “मला नाही वाटत येतील.” “आल्या तर आल्या.” पाच उत्तरं, पाच वेगळ्या खात्र्या, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की कणीक भिजवायला घ्यायची की नाही. ही जाण ताईंकडे आहेच. इंग्रजीत तिच्यासाठी तोंडी बसलेले शब्द नाहीत, इतकंच.

सुरुवातीला चारच पुरे. जे टळणार नाही त्याला “बाउंड टु”. बहुतेक होईल त्याला “लाइकली टु”. चांगलीच शक्यता आहे त्याला “मे वेल”. नुसतं “मे” म्हणजे होईल किंवा नाही होणार, पण त्याला “वेल” जोडलं की पारडं होण्याकडे झुकतं. आणि होण्याची शक्यता कमी त्याला “अनलाइकली टु”. हे चार जिभेवर बसले की पाचवा घ्या, “आय’ड बी सरप्राइज्ड इफ”. ठामपणे नाही म्हणायचं आणि समोरच्याला लागूही द्यायचं नाही, अशा वेळी तो फार कामाचा. त्याच्यापुढे क्रियापद भूतकाळी येतं, “आय’ड बी सरप्राइज्ड इफ दे फिनिश्ड ऑन टाइम”. आपण “त्यांनी वेळेत संपवलं तर मला नवल वाटेल” म्हणतो तेव्हा आपलंही “संपवलं” भूतकाळाच्याच रूपात असतं, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जातं.

आता जिथे मराठी आपल्याला अडचणीत आणते, तिथलं. वर्गात हमखास निघणाऱ्या चार गोष्टी आहेत.

पहिली “पर्यंत”ची. “२०३० पर्यंत मेट्रो सुरू झालेली असेल” आणि “२०३० पर्यंत रस्ता खोदलेलाच राहील” या दोन्हींत आपण एकच “पर्यंत” वापरतो. इंग्रजीत पहिल्याला “बाय” आणि दुसऱ्याला “अंटिल” किंवा “टिल”. मुदतीच्या आत काम उरकतं तिथे “बाय”, आणि मुदतीपर्यंत तीच स्थिती चालू राहते तिथे “अंटिल”. “टिल २०३० मेट्रो विल कम्प्लीट” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते व्याकरणशुद्ध वाटायला लागेल अशी भीती वाटते. “बाय २०३० दे’ल हॅव फिनिश्ड इट” म्हणा. आणि विश्वास नसेल तर “दे’ल स्टिल बी डिगिंग इन २०३०” म्हणा. या एका जोडीत भविष्यकाळाचे दोन अवघड प्रकार पाठ होतात, आणि पुण्यात त्यांना उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही.

दुसरी, “इफ”नंतरचं “विल”. “इफ द मेट्रो विल स्टार्ट” चूक, “इफ द मेट्रो स्टार्ट्स” बरोबर. “व्हेन”, “वन्स”, “बाय द टाइम” यांच्यामागेही तेच. मात्र “आय डोन्ट नो इफ इट’ल स्टार्ट” हे बरोबर आहे, आणि इथे हुशार माणसंही गोंधळतात. पडताळा सोपा आहे. मराठीत तिथे “तर” बसत असेल तर “विल” नको. “की नाही” बसत असेल तर “विल” चालतं.

तिसरी, आपला “च”. “होईलच” म्हणायचं असतं आणि तोंडातून “इट विल हॅपन ओन्ली” येतं. भारतात सगळ्यांना ते कळतं, बाहेर कळत नाही. तो जोर “बाउंड टु”वर द्या.

चौथी छोटी आहे. “आफ्टर टेन इयर्स”ऐवजी “टेन इयर्स फ्रॉम नाउ” किंवा “इन टेन इयर्स’ टाइम”.

वाक्याच्या सुरुवातीचं “मीन्स” हे पाचवं म्हणता येईल, पण ते सवयीने जातं, नियमाने जात नाही.

आता प्रत्यक्ष सराव. ताईंसाठी मी पहिला प्रश्न असा घेईन: “विल पीपल स्टिल बी कम्यूटिंग टु हिंजवडी टेन इयर्स फ्रॉम नाउ?” दहा वर्षांनी लोक कामाला हिंजवडीत येत असतील का. रोज सकाळी भूमकर चौकात रहदारीत थांबणाऱ्या माणसाला या विषयावर मत नाही असं होऊच शकत नाही, आणि मत असलं की भाषा मागून खेचली जाते.

बोलण्याआधी पाच मिनिटं फक्त माहितीला द्या, तीही मराठीतून चालेल. भविष्याबद्दल बोलताना पुरावा मागच्या गोष्टींतूनच द्यावा लागतो. पुण्यातली मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हा वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी एवढेच दोन तुकडे होते. जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जायला सप्टेंबर २०२४ उजाडला. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका साधारण २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची. तिची पायाभरणी डिसेंबर २०१८ ची आणि सुरू होण्याच्या तारखा पुढे पुढे सरकत गेल्या. शिवाय २०२० मध्ये सगळं आयटी पार्क एका रात्रीत घरी बसलं, हेही आपण पाहिलंय. एवढं हाताशी असलं की बोलायला दम येतो. यातलं सगळं वापरायचं नाही, पण खिशात असावं.

पहिली फेरी चार मिनिटांची. फोनवर रेकॉर्डर लावा, समोर मैत्रीण असेल तर उत्तम, आणि कागद न बघता बोला. पहिल्यांदा साधारण असं निघतं:

“आय थिंक ट्रॅफिक विल बी व्हेरी मच. मेट्रो विल कम, सो पीपल विल गो बाय मेट्रो. बट सम पीपल विल वर्क फ्रॉम होम ओन्ली. सो आय थिंक इट विल बी गुड.”

यातला विचार वाईट नाही. रहदारी, मेट्रो आणि घरून काम हे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण चार वाक्यांत “विल” पाच वेळा आलंय, आणि वीस सेकंदांत सगळं संपलंय. उरलेल्या साडेतीन मिनिटांत “अँड... सो... मीन्स...” चालू असतं. चालू दे. मध्ये थांबून सुधारू नका, मैत्रिणीलाही सुधारू देऊ नका.

फेरी संपली की रेकॉर्डिंग एकदा ऐका आणि त्यातली फक्त दोन-तीन वाक्यं निवडून कागदावर नव्याने लिहा. सगळं सुधारायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. वरच्या उत्तराचं मी असं करेन. रहदारीचं वाक्य: “द ट्रॅफिक इज बाउंड टु गेट वर्स बिफोर इट गेट्स बेटर.” मेट्रोचं: “वन्स लाइन थ्री इज अप अँड रनिंग, अ लॉट ऑफ अस मे वेल स्विच, प्रोव्हायडेड देअर’ज अ डीसेंट वे ऑफ गेटिंग फ्रॉम द स्टेशन टु द ऑफिस गेट.” या “प्रोव्हायडेड”मध्ये खरा पुणेकर बोलतो. स्थानकावर उतरल्यावर ऑफिसच्या गेटपर्यंत रिक्षावाला काय मागेल, हा प्रश्न मेट्रोच्या कुठल्याही चर्चेत तिसऱ्या मिनिटाला निघतोच. आणि शेवटचं, जिथे “इट विल बी गुड” होतं तिथे: “व्हॉट आय’म लेस शुअर अबाउट इज व्हेदर वी’ल बी गोइंग इन फाइव्ह डेज अ वीक ॲट ऑल.” खात्री नसणं हासुद्धा एक मुद्दा असतो आणि तो नीट सांगता येतो, हे लक्षात आलं की “गुड” आणि “बॅड”चा आधार लागत नाही.

दुसरी फेरी तीन मिनिटांची, शक्यतो वेगळ्या माणसासमोर. मुद्दे तेच ठेवा आणि लिहिलेली वाक्यं आठवतील तशी घाला. वाचायची नाहीत. तिसरी दोन मिनिटांची. चार, तीन, दोन अशी उतरती वेळ देण्याची ही रीत भाषाशिक्षणात १९८० च्या दशकापासून वापरात आहे. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी तिचा बराच प्रसार केला. मुद्दे आधीच ठरलेले असल्याने डोकं मोकळं राहतं आणि लक्ष वाक्याकडे जातं. वेळ कमी मिळाल्याने “ॲक्च्युअली”, “बेसिकली” असली भरताड आपोआप गळते. मात्र वेळ कमी मिळाला म्हणून भरभर बोलायचं नाही, कमी महत्त्वाचं गाळायचं. आणि दोन फेऱ्यांमधली ती दुरुस्ती टाळलीत तर एकच चूक तीनदा बोलून ती पक्की होईल. नुसत्या पुनरुक्तीचा हा तोटा आहे. चार-तीन-दोन करून पाहिलं आणि फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा हाच टप्पा गाळलेला असतो.

तिसऱ्या फेरीत मी एक बदल करते. दोन मिनिटं आपल्या बाजूने बोलायचं नाही. ज्याचं त्यात जाणार किंवा येणार आहे अशा दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलायचं. या प्रश्नात वाकडमधला पीजी चालवणारा मालक घ्या. त्याच्या तीन मजल्यांवर आयटीतली पोरं आहेत, डिपॉझिटवर त्याचा कर्जाचा हप्ता चालतो. त्याला विचारा, लोक हिंजवडीत यायचे थांबले तर? तो म्हणेल: “इफ एव्हरीवन वर्क्ड फ्रॉम होम, हाफ माय रूम्स वुड बी एम्प्टी. आय’ड हॅव टु लेट देम आउट टु फॅमिलीज, अँड फॅमिलीज वोन्ट पे पर बेड.” “इफ... वुड” ही रचना वर्षानुवर्षं पुस्तकात वाचलेली असते, पण तोंडात येत नाही, कारण तिची गरज पडलेली नसते. मालकाच्या जागी बसलात की गरज पडते. वर्गात एरवी गप्प राहणारी माणसं इथे रंगतात. मालकाचा आवाजही काढतात.

यासाठी प्रश्न तसा हवा. मिळणाऱ्या याद्यांतले बहुतेक प्रश्न फार पसरट असतात. “भविष्यात जग कसं असेल?” याला काय उत्तर द्यायचं? प्रश्नात एखादी जागा, एखादं वर्ष आणि ज्याला झळ पोहोचेल असा माणूस नसेल, तर तो घालून घ्या. “रोबो आपल्या नोकऱ्या खातील का?” हा प्रश्न असा करा: “आमच्या टीममधलं कोणतं काम २०३० पर्यंत माणसाच्या हातून गेलेलं असेल, आणि ते सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल?” आता “बाय २०३०” आणि “विल हॅव” टाळताच येत नाहीत.

पाण्याचा प्रश्न मला पुण्यासाठी सगळ्यात आवडतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यावर शहर पितं, आणि खाली दौंड-इंदापूरपर्यंतची शेतीही आहे. शहर वाढतंय, धरणं तेवढीच आहेत. “पाण्याची हमी नसेल तर नव्या सोसायट्यांना परवानगी थांबवावी का, आणि थांबवली तर घरांच्या किमतींचं काय होईल?” बाणेर, वाघोली, उंड्रीकडे टँकरवर राहणारं कोणी गटात असेल तर हा प्रश्न संपत नाही, वेळ अपुरा पडतो. यात “शुड”, “वुड”, “अनलेस” सगळं येतं. “अनलेस” आपल्याकडे कमी वापरलं जातं, म्हणून ते मुद्दाम घाला: “अनलेस दे फिक्स द लीक्स फर्स्ट...”

थोडं अवघड हवं असेल तर जुनी भाकितं घ्या. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० मध्ये म्हटलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. शंभर वर्षं २०३० ला भरतायत. कुठे चुकलं त्यांचं? की चुकलं नाही, आपणच जास्तीच्या वस्तूंसाठी तास विकले? इथे आणखी एक रचना हाताला लागते, होऊन गेलेल्या काळातलं भविष्य: “ही थॉट वी’ड बी वर्किंग फिफ्टीन अवर्स अ वीक.” शेजारीच “इट वॉज सपोज्ड टु”, “इट वॉज ड्यू टु ओपन इन...” या बसतात. शहरातल्या कुठल्याही पुलाबद्दल बोलायचं तर या दोनांशिवाय पान हलत नाही.

आता चर्चेचं. आतापर्यंत सांगितलं ते एकट्याने बोलण्याबद्दल. पण प्रश्न चर्चेचे आहेत, आणि चर्चेत समोरचा ठोसे देतो. माझा अनुभव असा की पुणेकराला वाद घालायला शिकवावं लागत नाही. अमृततुल्य चहाच्या दुकानासमोर उभा राहून तो तासभर मेट्रोच्या खांबांवर बोलेल. पण कट्ट्यावरची रीत इंग्रजी मीटिंगमध्ये तशीच नेली की गडबड होते. आपण दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत सुरू करतो, आणि त्यात आपलेपणा असतो. “छे, काहीतरीच काय!” हे मित्राला म्हटलं तर तो हसतो. तेच “नो नो, यू आर राँग” असं बाहेर पडलं की परदेशी सहकारी गप्प होतो आणि चर्चा तिथेच संपते.

त्यामुळे आत शिरायचे आणि विरोध करायचे दोन-तीन मार्ग हाताशी असू द्या. शिरायला: “कॅन आय पिक अप ऑन दॅट?” विरोधाला: “आय’म नॉट सो शुअर”, किंवा जास्त उपयोगी, “दॅट मे बी ट्रू फॉर आयटी पीपल, बट व्हॉट अबाउट...”. समोरच्याचं म्हणणं एका गटापुरतं मान्य करून बाकीच्यांबद्दल विचारलं की वाद पुढे सरकतो. आणि ऐकणाऱ्याने दर फेरीत दोनदा तरी विचारायचंच: “व्हॉट मेक्स यू से दॅट?” हे पाच शब्द विचारले नाहीत तर बोलणारा कारण देत नाही, आणि कारण दिल्याशिवाय उत्तर लांबत नाही. ताईंची दोन वाक्यांत संपणारी उत्तरं बऱ्याच अंशी यानेच लांबतील. मैत्रीण आतापर्यंत बहुधा मान डोलावून पुढचा प्रश्न वाचत असणार.

गट तिघांचा असेल तर फार बरं. एक बोलतो, एक खोदून विचारतो, तिसरा काही न बोलता फक्त टिपतो: खात्री दाखवणारे कोणते शब्द आले आणि “विल” किती वेळा आलं. चुका टिपायच्या नाहीत. चुका टिपायला बसलेल्या माणसासमोर कोणी मोकळं बोलत नाही.

उच्चारांबद्दल दोनच गोष्टी. “आय विल”, “इट विल” प्रत्येक वेळी सुटं-सुटं म्हटलं की हट्ट केल्यासारखं वाटतं. “आय’ल”, “इट’ल”, “देअर’ल” जोडून म्हणायची सवय करा. आणि “वोन्ट” नि “वॉन्ट” वेगळे ऐकू आले पाहिजेत, नाहीतर “दे वोन्ट मूव्ह”चं “दे वॉन्ट मूव्ह” होतं आणि ऐकणारा अर्धा क्षण अडखळतो.

आयईएलटीएसबद्दल. तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तिचा तिसरा भाग चार-पाच मिनिटांचा, आणि पुढच्या काळाबद्दलचे प्रश्न तिथेच जास्त येतात. गुण चार बाबींवर सारखे वाटलेले असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, उच्चार. तुमचं भाकीत खरं ठरेल का, याला गुण नाहीत. त्यामुळे “मला यातलं फारसं माहीत नाही” असं वाटून गप्प बसायचं कारण नाही, “इट’स नॉट समथिंग आय’व्ह थॉट मच अबाउट, बट आय’ड इमॅजिन...” म्हणून पुढे जाता येतं. पाठ केलेली उत्तरं मात्र परीक्षकाला लगेच कळतात. क्लासच्या नोट्समधली छापील वाक्यं बोलायला लागलं की आवाजच बदलतो, ते आम्हालाही बाहेरच्या खोलीतून ऐकू येतं.

माणूस मिळाला नाही तर एआयशी आवाजात बोलून सराव करता येतो, आणि तो फुकटात दहा वेळा ऐकून घेतो हे खरं. पण त्याला मोकळं सोडलंत तर तो तुमच्या प्रत्येक म्हणण्याला “ग्रेट पॉइंट” म्हणेल. सुरुवातीलाच बजावा: माझ्याशी सहमत होऊ नकोस, एका वेळी एकच प्रश्न विचार, कारण माग, आणि चुका शेवटी फक्त दोन सांग. तरीही मोडकंतोडकं वाक्य तो समजून घेतो. माणूस “सॉरी?” म्हणून कपाळाला आठी घालतो, ती आठी तिथे मिळत नाही. आठवड्यातल्या दोन प्रश्नांपैकी एक तरी हाडामांसाच्या माणसासमोर व्हावा.

वेळेचं गणित: तीन फेऱ्यांची नऊ मिनिटं, माहितीची पाच, दुरुस्तीची दहा. अर्ध्या तासात एक प्रश्न नीट होतो. कॅबमध्ये बसून पहिली फेरी पुटपुटत केली तरी चालते, कानात इयरफोन असला की शेजाऱ्याला कॉलच वाटतो. तीन आठवड्यांनी पहिल्याच प्रश्नाचं पहिलं रेकॉर्डिंग काढा, त्यावर पुन्हा नव्याने बोला आणि दोन्हीतली “विल” मोजा.

एक प्रश्न मात्र सुरुवातीला घेऊ नका. “आईबाबांचं वय झाल्यावर ते कुठे राहतील, कोणाजवळ?” याद्यांमध्ये म्हातारपणाच्या नावाखाली तो असतो. ज्यांची भावंडं परदेशात आहेत किंवा ज्यांचे आईवडील सांगली-साताऱ्याकडे एकटे आहेत, त्यांची भाषा या प्रश्नावर कोसळते. इंग्रजी कच्चं असल्याचं ते लक्षण नाही, पण बोलणाऱ्याला तसंच वाटतं. दीड-दोन महिन्यांनी, ओळखीच्या माणसासमोर घ्या. आणि परीक्षेत किंवा ऑफिसात आधीच तो समोर आला, तर स्वतःच्या घराबद्दल बोलायची सक्ती कोणी करू शकत नाही. “आय’ड रादर टॉक अबाउट फॅमिलीज इन जनरल, इफ दॅट’स ऑल राइट” म्हणायचं आणि पुण्यातल्या घरांमध्ये काय चाललंय यावर बोलायला लागायचं.